चकव्यातून वाट दाखविणारी लेखिका : अगाथा ख्रिस्ती



आपल्या गगनबावड्याचा पावसाळा तुम्हांला ठाऊक आहेच. दरड कोसळली की करूळ घाट बंद पडतो. भुईबावड्याच्या घाटातही तीच धास्ती असते. कुंभीला पूर आला की कोल्हापूरकडचा रस्ता पाण्याखाली जातो. धुके असे उतरते की समोरचा गगनगडही दिसेनासा होतो. अशा एखाद्या रात्री दहा अनोळखी माणसे एकाच छपराखाली अडकून पडली आहेत, अशी कल्पना करा. कोण कुठला, कशासाठी आला, खरे बोलतो की खोटे, हे कोणालाच माहीत नाही. सकाळी उठून पाहावे तो त्यांपैकी एकाचा खून झालेला! बाहेरून कोणी आलेले नाही, आतून कोणी गेलेले नाही. म्हणजे खुनी उरलेल्या नऊजणांतच आहे, आणि तोही इतरांसारखाच घाबरल्याचे दाखवीत आहे.

एवढ्यानेच तुमची उत्सुकता जागी झाली असेल, तर रहस्यकथेची एक मोठी युक्ती तुम्हांला उमगली असे समजा. बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेली जागा आणि तीत कोंडलेली मोजकी माणसे, एवढ्या सामग्रीवर ज्या लेखिकेने जगभरच्या वाचकांना जागविले, तिचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. तिचे नाव अगाथा ख्रिस्ती.

पालकांच्या मनात शंका येईल, की विद्येच्या प्रसारासाठी निघणाऱ्या स्मरणिकेत खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईचे काय काम? शंका रास्त आहे. पण आपल्याच घरांत डोकावून पाहा. उर्दू वाचणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांनी इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ उशीखाली लपवून वाचलेली असेल. मराठी वाचणाऱ्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांसाठी वाचनालयात नंबर लावलेला असेल. त्याने ते बिघडले नाहीत. उलट अनेकांना वाचनाची गोडी तेथूनच लागली. प्रश्न हेरकथा वाचावी की न वाचावी हा नसून ती कशी वाचावी हा आहे, आणि त्याचे उत्तर अगाथाबाईंच्या चरित्रातच सापडते.

शाळेविना बालपण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचे गाव आहे. तेथे १५ सप्टेंबर १८९० रोजी अगाथाचा जन्म झाला. माहेरचे आडनाव मिलर. वडील अमेरिकन, खाऊनपिऊन सुखी, स्वभावाने आनंदी. आई क्लारा मोठी कल्पक, पण मतांची पक्की. थोरली बहीण आणि भाऊ अगाथाहून दहा-अकरा वर्षांनी मोठे, त्यामुळे हे शेंडेफळ बहुतेक एकटेच वाढले. घराभोवतीची बाग, झाडे आणि मनातल्या मनात रचलेली माणसे हेच तिचे सवंगडी.

मूल आठ वर्षांचे होईपर्यंत त्याला वाचायला शिकवू नये, असे त्या वेळी क्लाराबाईंचे मत होते. पण ही पोर ऐकते कुठली! वाचून दाखविलेल्या गोष्टींच्या पुस्तकांत बोट फिरवीत, अक्षरे ओळखीत, ती पाचाच्या सुमारास आपली आपण वाचायला शिकली. शब्द आख्खेच्या आख्खे ओळखून शिकल्यामुळे तिचे स्पेलिंग जन्मभर कच्चे राहिले. गणित मात्र वडिलांनी शिकविले आणि ते तिला मनापासून आवडले. पुढे तिच्या कथानकांत जो चोख हिशेब दिसतो त्याचे बीज या गणितात असावे.

१९०१ साली वडील वारले. अगाथा अवघी अकरा वर्षांची होती. पैसा आधीच आटत चालला होता आणि आता ॲशफील्ड हे राहते घर राखणेही जड झाले. क्लाराबाईंनी घर राखले आणि मुलीचे शिक्षणही सोडले नाही. काही काळ तिला पॅरिसला ठेवले. ती पियानो आणि गाणे शिकली. पण चार लोकांसमोर उभे राहिले की तिचे हातपाय गळत, म्हणून तो मार्ग खुंटला. एकदा आजारपणातून उठताना ती अंथरुणात कंटाळून पडली असता, आईने तिला एखादी गोष्ट लिहून पाहा असे सुचविले. तिने ती लिहिली. नंतर कादंबरीही लिहिली. ती कोणी छापली नाही, पण शेजारी राहणारे लेखक ईडन फिलपॉट्स यांनी तिचे हस्तलिखित वाचून तिला धीर दिला आणि चार सूचना केल्या. बंधुभगिनींनो, आईने दिलेली एक वही आणि एका शेजाऱ्याने दिलेला धीर, एवढ्यावर लाजऱ्या मुलीचे आयुष्य वळण घेऊ शकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दशांशचिन्ह आणि विषाचे कपाट

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तिने आर्चिबाल्ड ख्रिस्ती या वैमानिक अधिकाऱ्याशी लग्न केले. नवरा आघाडीवर गेला आणि अगाथाबाईंनी टॉर्कीच्या लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा पत्करली. पुढे त्यांना औषधे तयार करण्याच्या विभागात घेतले. त्यासाठी रीतसर परीक्षा द्यावी लागे. त्यांनी अभ्यास केला आणि १९१७ साली त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या.

या शिक्षणातला एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. गावातल्या एका अनुभवी औषधविक्रेत्याकडे त्या शिकत होत्या. एके दिवशी तो औषधाची एक खेप तयार करीत असताना त्यांच्या लक्षात आले, की त्याच्या हिशेबात दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडले आहे आणि औषधाचे प्रमाण धोकादायक झाले आहे. तो वडीलधारा, प्रतिष्ठित आणि आपल्याच ऐटीत वावरणारा. शिकाऊ मुलीने त्याची चूक दाखविली तर तो ऐकणार कसा? अगाथाबाईंनी ठेच लागल्याचे सोंग केले, औषधाचा तो ट्रे खाली पाडला आणि चांगला पायाखाली तुडविला. दिलगिरी व्यक्त केली, बोलणी खाल्ली, पण रोगी वाचले.

विद्यार्थी मित्रहो, दशांशचिन्हाला कंटाळणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर औषधाचे विष होते. हीच अगाथाबाईंच्या साऱ्या लेखनाची गुरुकिल्ली आहे. त्यांच्या गोष्टींत रक्ताचे पाट फारसे नसतात. असते ती एखादी क्षुल्लक वस्तू, जागची हललेली.

थोरल्या बहिणीने मागे पैज मारल्यासारखे म्हटले होते, की हेरकथा लिहिणे अगाथाला जमणार नाही. औषधालयात कामाच्या दोन घाईंमधील रिकाम्या वेळी, चहूबाजूंनी विषाच्या बाटल्या मांडलेल्या असताना, ती पैज त्यांना आठवली. १९१६ साली त्यांनी पहिली हेरकथा लिहिली. तिच्यासाठी गुप्तहेर हवा होता. बेल्जियमवर जर्मनांचे आक्रमण झाल्यामुळे तिथले निर्वासित टॉर्कीत आलेले होते. त्यांतूनच हर्क्यूल पॉयरो हा बुटका, टापटिपीचा, मिशांना पीळ भरणारा बेल्जियन पोलीस अधिकारी जन्मास आला. घरदार गमावून परक्या देशात आलेला, ज्याच्या उच्चारांना लोक हसतात असा मनुष्य सगळ्या शहाण्यांहून शहाणा ठरतो, ही कल्पना त्या काळी साधी नव्हती.

पुस्तक एकामागून एक प्रकाशकांकडून परत आले. शेवटी एकाने ते घेतले, पण शेवटचे प्रकरण बदलून मागितले आणि पुढच्या पाच पुस्तकांसाठी बांधून घेतले. १९२० साली ते अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून लेखिकेच्या हाती अवघे पंचवीस पौंड आले. पण औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने या कादंबरीतील विषाचे वर्णन बिनचूक असल्याचा अभिप्राय दिला, त्याचा त्यांना जन्मभर अभिमान वाटला.

अकरा दिवसांचे मौन

१९२६ हे साल त्यांच्या आयुष्यातील सर्वांत यशाचे आणि सर्वांत दुःखाचे ठरले. त्या वर्षी ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही कादंबरी निघाली आणि इंग्लंडात खळबळ उडाली. लेखिकेने वाचकांना फसविले असा काहींनी आरोप केला. इतरांनी दाखवून दिले, की प्रत्येक धागा पुस्तकात उघड मांडलेला आहे, वाचकानेच तो पाहिला नाही. या कादंबरीचा शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो, की ती वाचून झाल्यावर लगेच दुसऱ्यांदा वाचावी. निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. तो काय सांगतो याइतकेच तो काय सांगत नाही याकडेही लक्ष द्यावे लागते, हा धडा तिच्याइतका कोणी दिलेला नाही.

पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आई गेली. ॲशफील्डचे घर आवरताना अगाथाबाई खचून गेल्या. अशा वेळी पतीने आपले मन दुसऱ्या स्त्रीवर जडल्याचे सांगून घटस्फोट मागितला. पदरी सात वर्षांची मुलगी. ३ डिसेंबरच्या रात्री त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मोटार सरे परगण्यात रस्त्याकडेला बेवारस सापडली. बाईंचा पत्ता नाही.

मग काय विचारता! पोलीस, कुत्री, विमाने आणि हजारो स्वयंसेवक शोधाला लागले. वर्तमानपत्रे रोज नवा तर्क छापू लागली. कोणी म्हणे नवऱ्याने खून केला, कोणी म्हणे आत्महत्या, कोणी म्हणे पुस्तक खपविण्यासाठी केलेली जाहिरात. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी तर त्यांचा एक हातमोजा घेऊन एका अतींद्रिय शक्तीच्या जाणकाराकडे धाव घेतली. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, अगाथाबाई उत्तरेकडील हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तेथे त्यांनी वेगळे नाव सांगितले होते, आणि त्यातले आडनाव पतीच्या त्या मैत्रिणीचे होते. स्मृतिभ्रंश झाला असे कुटुंबाने जाहीर केले. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. स्वतः अगाथाबाईंनी उरलेल्या पन्नास वर्षांत या दिवसांविषयी जाहीरपणे जवळजवळ मौनच पाळले. आत्मचरित्रातही ते दिवस त्यांनी गाळले. शेवटच्या प्रकरणात साऱ्या गाठी सोडविणाऱ्या या बाईने आपली गाठ तशीच ठेवली.

वाचकहो, या प्रसंगाचा तपास करीत बसण्याचे आपल्याला कारण नाही. पण एका दुःखी स्त्रीवर पुराव्याशिवाय केवढ्या अफवा उठल्या, हे मात्र पाहा. ज्यांना काहीही माहीत नव्हते तेच सर्वांत खात्रीने बोलत होते. गावगप्पांनी माणसाचे काय होते, हे अगाथाबाईंनी पुस्तकांतून लिहिले, त्याआधी आणि नंतर अंगावरही सोसले.

१९२८ साली घटस्फोट झाला. मुलीची जबाबदारी होती आणि उत्पन्न लेखणीचेच होते. मन मुळीच नसताना त्यांनी त्या दिवसांत एक कादंबरी नेटाने पुरी केली. हौशी लेखिका त्या वेळी संपली आणि पोटासाठी लिहिणारी, पण काम चोख करणारी व्यावसायिक लेखिका तयार झाली, असे त्या स्वतः मानीत. मुलींच्या पालकांनो, हे वाक्य जरा थांबून वाचा. पाठीशी बाप नाही, आई नाही, नवरा नाही, अशा वेळी त्या स्त्रीला तारले ते तिच्या हातातल्या विद्येने. आपल्या लेकींच्या हाती असे काही तरी असावे, यापेक्षा मोठे स्त्रीधन कोणते?

बगदादची वाट

घटस्फोटानंतर त्यांनी वेस्ट इंडीज बेटांची तिकिटे काढली होती. निघण्याच्या आधी दोन दिवस एका मेजवानीत बगदादच्या गोष्टी ऐकल्या आणि ती तिकिटे बदलून त्या एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसने पूर्वेकडे निघाल्या. इराकमधील उर येथे प्राचीन नगराचे उत्खनन चालू होते. दुसऱ्या खेपेस, १९३० साली, तेथेच मॅक्स मॅलोवन या तरुण पुरातत्त्वज्ञाशी त्यांची ओळख झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लग्न. मॅक्स त्यांच्याहून सुमारे चौदा वर्षांनी लहान होते. लोक कुजबुजले, पण संसार मरेपर्यंत सुखाचा झाला.

पुढची कित्येक वर्षे इराक आणि सीरियातील उत्खननांच्या छावण्या हेच त्यांचे दुसरे घर होते. मोसुलजवळच्या निमरूद येथे सापडलेल्या प्राचीन हस्तिदंती कलाकृती त्यांनी स्वतःच्या हातांनी स्वच्छ केल्या. त्यासाठी विणकामाची बारीक सुई आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम ही त्यांची हत्यारे! चिरेतली माती निघाली पाहिजे, पण हस्तिदंताला ओरखडा उमटता कामा नये. खुनाचा तपास करणारा पॉयरोही असाच काम करतो.

१९३१ च्या डिसेंबरात त्या इराकहून परतत असताना पावसाने लोहमार्ग वाहून गेला आणि त्यांची गाडी वाटेत अडकून पडली. त्याआधी सुमारे तीन वर्षांपूर्वी तीच ओरिएंट एक्स्प्रेस तुर्कस्तानात बर्फात कित्येक दिवस रुतली होती. या अनुभवांतून १९३४ साली ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ही कादंबरी आली. बर्फात अडकलेल्या गाडीत खून होतो. डब्यात निरनिराळ्या देशांचे प्रवासी आहेत. रेल्वे कंपनीचा एक अधिकारी पुन्हा पुन्हा म्हणतो, की खून सुरीने झाला आहे, तेव्हा तो इटालियन माणसानेच केला असणार, कारण ते लोक तसेच असतात. पॉयरो हा न्याय मान्य करीत नाही. कोणाचे नाव काय, पेहराव कसा, बोली कोणती, हा त्याच्या लेखी पुरावा नव्हे. तो तिकीट पाहतो, घड्याळ पाहतो, प्रत्येकाची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहतो.

इकडे घाटमाथ्यावर आणि खाली कोकणात चकव्याच्या गोष्टी सांगतात. रानातल्या वाटसरूला चकवा लागला म्हणजे तो त्याच त्या जागी फिरत राहतो आणि त्याला वाटते आपण पुढे चाललो आहोत. रहस्यकथेतही लेखक मुद्दाम चकवा ठेवतो. वाचकाला भलत्याच माणसाचा संशय यावा अशी खूण पेरतो. अगाथाबाईंचे वैशिष्ट्य असे, की त्यांचा चकवा बहुधा बाहेर नसतो, तो वाचकाच्याच मनात असतो. आपण नोकराकडे पाहत नाही, परक्याचा लगेच संशय घेतो, आणि म्हातारी बाई विणकाम करीत बसली की तिला काही कळत नाही असे गृहीत धरतो. १९३० च्या कादंबरीत अवतरलेली मिस मार्पल ही त्यांची दुसरी नायिका अशीच खेड्यातली म्हातारी आहे. ती गावातल्या माणसांच्या स्वभावांवरून खुनी ओळखते. आपल्या पूर्वग्रहावरच लेखिका चकवा उभारते आणि शेवटी तोच पूर्वग्रह आपल्या पदरात घालते.

मात्र त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ज्यूंविषयी आणि परकीयांविषयी तुच्छतेचे शेरे आढळतात. त्या काळच्या इंग्रज समाजाचा तो रोग होता आणि त्या त्यातून पुरत्या सुटल्या नव्हत्या. वाचताना हे शेरे जसेच्या तसे स्वीकारू नयेत.

दहा माणसे आणि एक बेट

१९३९ साली त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या मूळ इंग्लंडी नावात काळ्या लोकांसाठी एक अपमानकारक शब्द होता. अमेरिकेत ती पहिल्यापासून ‘अँड देन देअर वेअर नन’ या नावाने निघाली आणि इंग्लंडनेही १९८५ साली तेच नाव घेतले. आता कोणी उरले नाही, असा त्याचा अर्थ. कादंबरी अभ्यासावी कशी, हे पाहण्यासाठी तिच्याइतका चांगला नमुना नाही. शेवट न फोडता तिची बांधणी पाहू.

पहिली गोष्ट जागा. समुद्रातील एक बेट, त्यावर एकच बंगला. वादळ होते आणि बोट येईनाशी होते. झाला आपला घाट बंद!

दुसरी गोष्ट पात्रे. वेगवेगळ्या थापा देऊन बोलाविलेली आठ माणसे आणि चाकरीस ठेवलेले एक जोडपे. निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, म्हातारा सेनानी, माजी पोलीस अधिकारी, तरुण शिक्षिका असे समाजातले प्रतिष्ठित नमुने. जेवण झाल्यावर ग्रामोफोनवर तबकडी लागते आणि प्रत्येकावर एकेका मृत्यूचा आरोप ठेवला जातो. हे मृत्यू असे, की कायद्याला त्यांत हात घालता आला नाही. आता लेखिकेची खरी कसोटी लागते. आरोप एकाच तऱ्हेचा, पण प्रत्येकाचे मन निराळे. भरधाव मोटारीखाली दोन मुले चिरडणारा श्रीमंत तरुण आपला परवाना जप्त झाल्याचीच तक्रार करतो. एक कर्मठ बाई आहे. तिने संकटात सापडलेल्या मोलकरणीला घराबाहेर काढले आणि त्या पोरीने जीव दिला. बाईच्या हाती सदा धर्मग्रंथ, पण मनात दयेचा लवलेश नाही. आपण निष्पाप आहोत अशी तिची खात्री आहे. दुसऱ्या काहींना मात्र रात्री झोप लागत नाही. पात्राचा अभ्यास म्हणजे त्याचे नाक-डोळे लिहिणे नव्हे. चूक समोर ठेवली असता ते काय करते, हे पाहणे होय.

तिसरी गोष्ट बडबडगीत. दहातून एकेक कमी होत जाणारे एक गाणे प्रत्येक खोलीत टांगलेले आहे आणि टेबलावर दहा छोट्या मूर्ती आहेत. गाण्यातल्या क्रमाने माणसे मरतात आणि मूर्ती कमी होतात. पुढे काय होणार याची सूचना लेखिकेने आधीच देऊन ठेवली आहे, तरी भीती कमी न होता वाढते. पोरांचे निरागस गाणे आणि मरणाचा हिशेब यांची सांगड हा या कादंबरीतला मोठा उपरोध.

चौथी गोष्ट प्रश्न. कायदा जिथे पोचत नाही तिथे शिक्षा कोणी द्यावी? स्वतःला न्यायाधीश समजून हाती शस्त्र घेणारा मनुष्य न्याय करतो की नवा गुन्हा? पुस्तक मिटल्यावरही हा प्रश्न सुटत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीने १९६५ साली या कथेच्या आधाराने ‘गुमनाम’ काढला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्यांत गाणी आहेत, भीती आहे, पण या प्रश्नाची धार पाहायची तर पुस्तकच वाचले पाहिजे. इंग्रजीचे प्राध्यापक आणि नामवंत नट मधुकर तोरडमल यांनी अगाथाबाईंच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. त्यामुळे इंग्रजी कच्चे असणाऱ्यांनाही हे दालन खुले आहे.

उतारवय आणि एक मूल

दुसऱ्या महायुद्धात, नामवंत असतानाही, अगाथाबाईंनी लंडनच्या एका इस्पितळात पुन्हा औषधालयाचे काम केले. याच काळात त्यांनी पॉयरोची अखेरची कादंबरी लिहून कुलपात ठेवली. ती १९७५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने या कल्पित माणसाचे मृत्युवृत्त पहिल्या पानावर छापले. १९४५ साली इंग्लंडात पालक म्हणून नेमलेल्या माणसांच्या छळाने एका बारा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणाच्या छायेतून त्यांनी एक नभोनाट्य लिहिले आणि त्यातूनच ‘द माउसट्रॅप’ हे नाटक तयार झाले. ते लंडनमध्ये नोव्हेंबर १९५२ मध्ये लागले. २०२० च्या साथीत थांबले ते २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाले. या नाटकाचे हक्क त्यांनी आपल्या नातवाला देऊन टाकले होते.

१९७१ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना डेम हा किताब दिला. सहासष्ट हेरकादंबऱ्या आणि अनेक कथासंग्रह मागे ठेवून १२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या.

पण गोष्ट येथे संपत नाही. पुढच्याच वर्षी, १९७७ साली, आखातातील कतारहून एका एकोणीस महिन्यांच्या बालिकेला लंडनच्या इस्पितळात आणण्यात आले. मूल बेशुद्धीकडे चाललेले आणि डॉक्टरांना निदान होईना. तेथील एक परिचारिका त्या वेळी अगाथाबाईंची ‘द पेल हॉर्स’ ही १९६१ सालची कादंबरी वाचीत होती. तीत थॅलियम या विषाची लक्षणे वर्णिलेली आहेत. मुलीचे केस गळू लागलेले पाहून तिला पुस्तकातले वर्णन आठवले आणि तिने धीर करून ते डॉक्टरांना सांगितले. तपासणी केली, तो खरोखरच थॅलियम. घरात कीड मारण्यासाठी वापरलेल्या द्रव्यातून ते मुलीच्या पोटात गेले होते. योग्य उपचार झाले आणि मूल वाचले. डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात या घटनेचा वृत्तान्त लिहिताना दिवंगत लेखिकेचे आभार मानले.

साठ वर्षांपूर्वी औषधालयात एका शिकाऊ मुलीने जे नीट पाहिले, नीट मोजले, नीट लिहिले, ते एका परक्या देशातील लेकराच्या कामी आले. आणि तेथेही वरिष्ठांपुढे बोलण्याचे धैर्य कोणी दाखविले, तर एका परिचारिकेने. अगाथाबाईंना ट्रे पाडावा लागला होता. या मुलीचे ऐकून घेतले गेले. जग एवढे तरी पुढे सरकले म्हणायचे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत अगाथाबाईंची एक कादंबरी अवश्य वाचा, पण वही-पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक पात्राने काय सांगितले ते एका बाजूस लिहा आणि प्रत्यक्ष काय दिसले ते दुसऱ्या बाजूस. तुमचा संशय कोणावर गेला आणि का गेला, तेही प्रामाणिकपणे लिहा. शेवटचे प्रकरण उघडण्यापूर्वी पुस्तक मिटून एक दिवस विचार करा. उत्तर चुकले तर वाईट वाटून घेऊ नका. कोणत्या वळणावर चकवा लागला ते मागे जाऊन शोधा. ती जागा बहुधा पुस्तकात नसेल, तुमच्या मनात असेल.

आणि पालकहो, मुलाच्या हाती असे पुस्तक दिसले तर ते काढून घेण्याऐवजी संध्याकाळी त्याला एवढेच विचारा, की तुला कोणाचा संशय येतो आणि पुरावा काय? हा प्रश्न ज्या घरात रोज विचारला जातो त्या घरातला मुलगा किंवा मुलगी गावातल्या अफवेवरून कोणाला दोषी ठरविणार नाही. आणि उद्या त्यांच्यावरच कोणी नावावरून, पेहरावावरून बोट रोखले, तर न डगमगता पुरावा मागण्याची हिंमतही त्यांच्या अंगी असेल.